जुने संगणक, जुन्या कार्यप्रणाली आणि मराठी अक्षर : रत्नागिरीच्या संदर्भात एक टिपण

घरातील जुना संगणक टाकून न देता, त्यावरील जुन्या कार्यप्रणालीसह तो चालू स्थितीत ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. रत्नागिरी जिल्हा तिला अपवाद नाही. ज्या घरांतून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अक्षरजुळणीचा व्यवसाय होत असे, त्या घरांत तर ती विशेष दृढ आहे. या प्रथेचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. एक काटकसरीचे, व दुसरे जुन्या वस्तूंविषयीच्या ममत्वाचे. पाश्चात्त्य देशांतील हौशी संग्राहकांच्या बाबतीत दुसरे स्पष्टीकरण पुष्कळ अंशी पुरेसे आहे. मराठी घरांच्या बाबतीत मात्र ही दोन्ही कारणे गौण ठरतात. येथे जुने यंत्र जिवंत ठेवावे लागते ते मुख्यतः यासाठी, की सुमारे दोन दशके मराठी मजकूर ज्या संकेतांत लिहिला गेला ते संकेत खाजगी होते आणि ते उलगडण्याचे साधन त्या यंत्रापासून अलग करता येत नाही. हा प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा दिसला, तरी त्याचे मूळ लिपीच्या इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाच्या एका आरंभीच्या प्रकरणाशी रत्नागिरीचा प्रत्यक्ष संबंध पोहोचतो.

विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी चालविलेल्या लिपिशुद्धीच्या चळवळीत अ या एकाच अक्षराला स्वरचिन्हे जोडून अि, अी, अु अशी बाराखडी करण्याची सूचना होती. तिच्यामागील भाषाविषयक भूमिका बाजूस ठेवली, तरी तिचा व्यावहारिक हेतू स्पष्ट होता. देवनागरीच्या जुळणीस लागणाऱ्या खिळ्यांची संख्या रोमनच्या मानाने फार मोठी असे. ती कमी झाल्यावाचून टंकलेखन व यांत्रिक जुळणी नागरीच्या आटोक्यात येणार नाही, हे त्या पिढीतील लिपिसुधारकांनी ओळखले होते. लिपी यंत्रासाठी बदलावी की यंत्र लिपीसाठी, हा वाद त्या वेळी निकालात निघाला नाही. टंकलेखन यंत्राने आपल्यापुरता एक मार्ग काढला. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष यांसारखी ज्यांच्या अंगात उभी रेघ आहे अशी अक्षरे त्याने दोन भागांत तोडली : अर्धे अक्षर एका कळीवर आणि उभी रेघ, म्हणजे काना, दुसऱ्या कळीवर. ही तोड केवळ कागदापुरती होती. कागदावर उमटलेले भ हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने भच होते. तीच तोड पुढे संगणकाच्या स्मृतीत जाऊन बसली, तेव्हा तिचे परिणाम वेगळे झाले.

संगणकावर देवनागरी आणण्याचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयत्न कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. तेथे तयार झालेले देवनागरी टर्मिनल १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. त्या कार्यातील मोहन तांबे प्रभृती पुढे पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले आणि ‘जिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे कार्ड तेथून प्रसृत झाले. या परंपरेतून १९९१ चे इस्की हे भारतीय मानक निघाले. त्याचे तत्त्व असे की, स्मृतीत अक्षराची आकृती न साठविता त्याचे वर्णमालेतील स्थान साठवावे आणि उच्चारक्रमाने साठवावे. आकृती घडविण्याचे काम यंत्राने करावे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी स्मृतीत क प्रथम व इकार नंतर. भारतीय लिपींच्या घटनेचे इतके अचूक आकलन त्या काळातील फार थोड्या यंत्रमानकांत आढळते.

परंतु आकृती घडविण्याचे काम करणारे कार्ड स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागे, आणि घरगुती धंद्यास तो खर्च सहज परवडणारा नव्हता. १९९२ च्या एप्रिलात विंडोजची ३.१ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ट्रूटाइप टंक आले. टंक म्हणजे २५६ घरांची एक पेटी, व प्रत्येक घरात एक आकृती. त्या घरांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले, की कसल्याही कार्डावाचून पडद्यावर व कागदावर मराठी दिसू लागे. ही युक्ती स्वस्त होती, सुबक होती, आणि लवकरच सर्वत्र पसरली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशी नावे या काळात मराठी मुद्रणव्यवसायात घरोघर झाली. मात्र यांतील प्रत्येकाने आपल्या पेटीतील घरे आपल्या सोयीने भरली. एका टंकात ज्या घरात क होता, त्या घरात दुसऱ्या टंकात अर्धा स किंवा एखादे जोडाक्षर असे. एकाच निर्मात्याच्या दोन आवृत्त्यांची मांडणी सारखीच असेल असाही नेम नव्हता.

याचा अर्थ नीट ध्यानात येण्यासाठी कृतिदेवचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण त्याची मांडणी रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळफलकाला धरून आहे. ‘मराठी’ हा शब्द या टंकात लिहिला असता यंत्राच्या स्मृतीत ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे साठविली जातात. यांपैकी के म्हणजे काना. ‘कि’ साठी आधी एफ, म्हणजे वेलांटी, व मग डी, म्हणजे क. उच्चाराच्या नेमका उलट क्रम. ‘कर्म’ या शब्दातील रफार उच्चारात म च्या पूर्वी येतो, स्मृतीत मात्र म च्या नंतर. ‘भ’ हे एक अक्षर नसून दोन संकेत आहेत : अर्धा भ आणि तोच के, म्हणजे तोच काना. परिणामी यंत्रास काना शोधावयास सांगितले, तर ते भ, ध, श यांच्या पोटातील रेघाही काढून दाखविते. आणि शब्द अकारविल्हे लावावयास सांगितले, तर रोमन वर्णक्रमाने लावून मोकळे होते. टंक काढून घेतला, की मागे उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. थोडक्यात, या काळातील मराठी धारिकेत भाषाशास्त्रज्ञ ज्याला लेखन म्हणेल असे काही नाही. तिच्यात लेखनाच्या चित्राचे तुकडे कोणत्या क्रमाने मांडावे याची यादी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात या साधनांचा उपयोग कोणत्या कामांसाठी झाला, हे त्या काळची स्थानिक छापील सामग्री पाहिली असता कळते. लग्नपत्रिका, देवस्थानांची माहितीपुस्तके, ग्रामसंस्थांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिके, दिवाळी अंक आणि कुलवृत्तांत. यांतील कुलवृत्तांताचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण घरातील जुना संगणक चालू ठेवण्याच्या गरजेचे ते सर्वांत बोलके उदाहरण आहे. कोकणातील घराण्यांच्या शाखा, वंशवेल, मूळ गाव, कुलदैवत आणि व्यक्तींची संक्षिप्त माहिती देणारे हे ग्रंथ बहुधा कुळातीलच कोणी चिकाटीने पत्रव्यवहार करून सिद्ध करतो. खिळ्यांच्या जुळणीच्या काळात एकदा छापलेला कुलवृत्तांत नव्याने काढणे म्हणजे पहिल्यापासून जुळणी करणे होते. संगणकाने ही अडचण दूर केली. मजकूर धारिकेत राहू लागला व नव्या पिढीच्या नोंदी मध्ये घालता येऊ लागल्या. असला ग्रंथ स्वभावतःच कधी पुरा होत नाही. जन्म, विवाह, मृत्यू, स्थलांतर यांच्या नोंदी त्यात सतत भराव्या लागतात. १९९६ साली पेजमेकरमध्ये, एखाद्या खाजगी टंकात, विंडोज ९५ वर जुळविलेला वंशवृक्ष आज दुरुस्त करावयाचा, तर तो टंक, त्या टंकाचा कळफलक, तो पेजमेकर आणि ती कार्यप्रणाली, ही चारही एकत्र लागतात.

या चौकडीतील प्रत्येकाचे आयुष्य वेगळे ठरले. अल्डस कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेला पेजमेकर १९९४ मध्ये अडोबीकडे गेला, आणि २००१ मधील सातवी आवृत्ती ही त्याची अखेरची ठरली. त्याच्या धारिका उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती २०१२ ची सीएस ६. पुढील आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. विंडोज ९८ चे पाठबळ जुलै २००६ मध्ये, एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे कार्यक्रम मुळीच चालत नाहीत, आणि विंडोज ११ ही केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. शिवाय काही मराठी संचांबरोबर डोंगल नावाचे एक कुलूप येत असे. ते संगणकाच्या मागील बाजूस, मुद्रणयंत्राच्या समांतर पोर्टात, बसवावे लागे आणि ते नसेल तर कळफलक चालत नसे. नव्या संगणकांतून ते पोर्टच नाहीसे झाले आहे. तेव्हा टंकाची धारिका नव्या यंत्रावर नेऊन जुना मजकूर डोळ्यांनी वाचता आला, तरी त्यात एक शब्द भरण्याची सोय उरत नाही. वाचता येते, लिहिता येत नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली होती व तिने देवनागरीसाठी इस्कीचेच तत्त्व स्वीकारले होते. मग मराठी अक्षरजुळणी करणारांनी तिचा अवलंब इतक्या उशिरा का केला? त्यांच्या जडत्वाला दोष देण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे असे म्हणावे लागते. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड प्रथम आले ते २००० साली, आणि एक्सपीतही ते आपोआप मिळत नसे. मूळ तबकडी घालून गुंतागुंतीच्या लिपींचा विभाग निराळा बसवावा लागे. पेजमेकरला तर ते अखेरपर्यंत उमगले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट मराठीच्या खास गरजांची. ‘ॲ’ हे अक्षर, ज्यावाचून बँकेचा अर्ज असो की वकिलाची नोटीस, आधुनिक मराठीत ॲडव्होकेट हा शब्दही धड लिहिता येत नाही, ते युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांकासह आले २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर अ ला अर्धचंद्र जोडावा, तर अनेक यंत्रांवर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. जुन्या टंकात मात्र अ च्या डोक्यावर अर्धचंद्राची आकृती ठेवली की काम होत असे. आकृतींच्या हिशेबाने चालणाऱ्या अशास्त्रीय पद्धतीत मराठी पूर्ण लिहिता येत होती, आणि शास्त्रशुद्ध मानकात ती अपुरी होती. ज्या जुळाऱ्याने २००५ मध्ये आपले विंडोज ९८ सोडण्याचे नाकारले, त्याने आपल्या भाषेच्या दृष्टीने योग्यच निर्णय घेतला होता.

या निर्णयाची किंमत कोकणातील हवा वसूल करते. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत. समुद्रावरून येणारी खारी आर्द्र हवा जोडणीच्या पट्ट्यांवर व स्मृतिफलकांच्या सोनेरी दातांवर गंज धरविते. फ्लॉपीच्या व सीडीच्या तबकड्यांवर बुरशी चढते. यावरील उपाय साधे आहेत. पावसाळ्यात यंत्र बंद न ठेवता आठवड्यातून एकदोनदा तासभर चालू करावे, म्हणजे आतील उष्णतेने ओल टिकत नाही. स्मृतिफलक काढून त्यांचे दात खोडरबराने पुसावेत. मदरबोर्डावरील नाण्याच्या आकाराची बॅटरी वेळेवर बदलावी, अन्यथा यंत्र आपली तारीख व डिस्कची ओळख दोन्ही विसरते. या शतकाच्या आरंभी बनलेल्या बऱ्याच मदरबोर्डांवरील कपॅसिटर सदोष निघाले होते. त्यांची डोकी फुगलेली दिसताच ते बदलून घ्यावेत. यंत्र आंतरजालाशी जोडू नये, हे सांगावयास नको. फ्लॉपी तबकड्यांचे उत्पादन सोनी कंपनीने २०११ मध्ये थांबविले असल्याने, त्यांवर काही विसंबून असेल तर ते विनाविलंब अन्यत्र हलविले पाहिजे.

पण काही संकटे निगेने टळत नाहीत. २६ जुलै २००५ चा पूर व २२ जुलै २०२१ चा पूर या दोन्ही वेळी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराच्या ग्रंथसंपत्तीची हानी सर्वश्रुत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड व दापोली या तालुक्यांतील अनेक गावांस दीर्घकाळ विजेवाचून राहावे लागले. भिजलेले पुस्तक वाळविता येते, निदान त्याची दुसरी प्रत अन्यत्र असण्याचा संभव असतो. तळमजल्यावरच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेल्या संगणकातील कुलवृत्तांताची धारिका ही बहुधा एकच असते, आणि ती दुसऱ्या यंत्रावर नेली असली तरी पूर्वोक्त चौकडी तेथे नसते.

म्हणून यंत्र जपण्याऐवजी यंत्राचे सोंग जपावे, असा मार्ग निघाला. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचा आभास निर्माण करणारे कार्यक्रम, डॉससाठी २००२ पासूनचा डॉसबॉक्स किंवा विंडोजसाठी २००७ पासूनचा व्हर्च्युअलबॉक्स, विनामूल्य मिळतात. जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी, रिकाम्या जागांसकट, एका धारिकेत उतरवून घेतली की तीवरील विंडोज ९८, पेजमेकर आणि टंक हे सारे त्या आभासी यंत्रात बहुधा चालू होतात. एक्सपीच्या बाबतीत यंत्र बदलले हे प्रणालीच्या ध्यानात येते व ती नव्याने मान्यता मागते. विंडोज ९८ ला अशी मान्यता लागतच नव्हती, हा जुनेपणाचा लाभ. अडते ते पुन्हा कुलपापाशी. समांतर पोर्टातील डोंगल आभासी यंत्रास सहसा दिसत नाही, आणि म्हणून तेवढ्यासाठी एक खरे जुने यंत्र ठेवणे प्राप्त होते. हलकी लिनक्स प्रणाली बसवून जुने यंत्र अन्य कामांस वापरण्याची रीतही हौशी मंडळींत आहे. तथापि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रांवर प्रणाली नव्याने बसविण्याची सोय बंद केल्याने तिचाही मार्ग अरुंद होत चालला आहे.

या पेचाची जाणीव अन्यत्र पूर्वीच झाली होती. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या डूम्सडे पाहणीस नऊशे वर्षे झाली, त्या निमित्ताने बीबीसीने १९८६ मध्ये देशभरातून दहा लाखांहून अधिक लोकांच्या साहाय्याने नवी पाहणी केली आणि ती एकॉर्न संगणकाने वाचावयाच्या लेझर तबकड्यांवर साठविली. पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली; १०८६ ची चर्मपत्रे मात्र वाचता येत होती. २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी आभासी यंत्र रचून त्या पाहणीचा मजकूर पुन्हा दाखविला. मराठीत याला समांतर उदाहरण मोडीचे. मोडी व्यवहारातून गेली, तरी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर वाचणारे आजही तयार करता येतात, कारण मोडी वाचण्यास शिकलेला डोळा पुरतो. १९९६ ची मराठी धारिका नुसत्या डोळ्यास वाचता येत नाही. मोडीला २०१४ मध्ये, युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत, स्वतःचे संकेतांकही मिळाले. खाजगी टंकांच्या मांडणीस तसा आश्रय कोठेच नाही.

उरतो तो रूपांतराचा मार्ग, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरविणे. त्यासाठी लहानमोठे परिवर्तक उपलब्ध आहेत व पुष्कळसे काम ते बिनचूक करतात. जेथे ते चुकतात तेथे मात्र चूक सहज दिसत नाही, आणि भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे ते येथे. मराठीत र चे दोन अर्धे प्रकार अर्थभेदक आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ गुरूंसाठी, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक्यांसाठी. हिंदीत हा भेद नाही, आणि हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेला परिवर्तक दुसऱ्या प्रकारचे पहिल्यात विसर्जन करतो. कोकणातील एखाद्या गावाच्या वर्णनात दऱ्यांच्या जागी दर्या आला तर वाक्य निरर्थकही होत नाही, उलट पटते. म्हणून मुद्रितशोधकाच्या नजरेतून ते निसटते. कुलवृत्तांतात तर कऱ्हाडे, गोऱ्हे यांसारख्या नावांचाच प्रश्न येतो. युनिकोडने या अर्ध्या र साठी नुक्त्याचा ऱ व हलन्त असा एक, आणि साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असा दुसरा, असे दोन मार्ग मोकळे ठेवले आहेत. दोहोंची आकृती एकच, स्मृतीतील लेखन भिन्न. एका धारिकेत दोन्ही मिसळले, तर कऱ्हाड्यांची अर्धी नावे शोधात सापडतात व अर्धी सापडत नाहीत.

हे टाळावयाचे तर परिवर्तकास त्या विशिष्ट टंकाचा, त्या विशिष्ट आवृत्तीचा तक्ता द्यावा लागतो : कोणत्या घरात कोणती आकृती. बहुतेक निर्मात्यांनी असे तक्ते कधी प्रसिद्ध केले नाहीत. टंकाची धारिका नव्या यंत्रावर उघडून घरांतील आकृती पाहता येतात. पण कोणत्या कळीने कोणत्या आकृती कोणत्या क्रमाने घातल्या जात, अर्धा ऱ आणि त्याखालचा ह यांसाठी कळफलक एक संकेत पाठवीत असे की दोन, हे टंकाच्या धारिकेत लिहिलेले नसते. ते कळण्यासाठी जुने यंत्र चालू करून, कुलूप मागे बसवून, एकेक कळ व एकेक जोडाक्षर क्रमाने दाबून पाहावे लागते, आणि पडद्यावर उमटलेल्या आकृतीशेजारी तिचे संकेत लिहून घ्यावे लागतात. हे काम जुळणी करणाऱ्या मूळ व्यक्तीच्या हयातीत झाले तर अधिक चांगले. सवयीने कोणते जोडाक्षर दोन तुकड्यांनी साधले जाई व कोणते एका कळीने, हे तिलाच ठाऊक असते.